वस्तादांचं रविवारचं जेवण

उत्तर फ्रान्समधल्या आमच्या रूबे गावात आशील वस्तादांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्यांनी एखादी मोठी लढत जिंकलेली आठवते असाही नाही. नाक मोडकं, पोट मात्र दारातून त्यांच्या आधी आत येणारं. माझ्या कॅफेमागच्या खोलीत ते गिरणीतल्या पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. खोली मीच दिली होती; घाम गाळलेल्या पोरांना तहान लागते, आणि बिअर मीच विकतो.

वस्तादांची इच्छा एकच, आपला पठ्ठ्या पॅरिसच्या रिंगणात उतरलेला पाहायचा. त्यासाठी त्यांनी लग्नसुद्धा केलं नाही, असं तेच सांगत. कोणी विचारलं होतं का, ते मात्र सांगत नसत.

शेवटी रेमी नावाचा अनाथ पोरगा त्यांच्या हाती लागला आणि पॅरिसहून बोलावणं आलं. सोमवारी सकाळी वजन, संध्याकाळी लढत. ठरल्यापेक्षा वजन जास्त भरलं की लढत रद्द. रेमी कित्येक आठवडे नुसत्या भाजीच्या पाण्यावर होता. त्यातच तो जोझेतच्या प्रेमात पडला, आणि तिच्या आईने, मादाम वातेलने, साखरपुड्याचं जेवण नेमकं आदल्या रविवारी ठेवलं. दिवस बदला म्हणून वस्ताद सांगायला गेले, तर तिने दार लावून घेतलं.

आमच्याकडे होणाऱ्या सासूने पुन्हा वाढलेलं जावयाने नाकारलं, तर मुलगी नाकारली असंच धरतात. म्हणून पोराचे वडीलधारे होऊन वस्ताद त्याच्या शेजारी बसले. मादाम चुलीकडे वळली की ताटांची अदलाबदल. बिअरमध्ये शिजवलेलं मटण आणि तळलेले बटाटे वस्ताद दोघांचे मिळून रिचवत होते. वास्कटाची बटणं उघडली, तोंड लालबुंद झालं. मी समोरच बसलो होतो; माझी हसून पुरेवाट झाली होती.

मादामने पुन्हा वाढलं आणि पळी खाली ठेवली. "वस्ताद, मुलगी मी नक्की कोणाला देतेय?"

रेमी उठून उभा राहिला. "मादाम, भूक इतकी लागलीय की हे टेबलसुद्धा खाईन. पण खाल्लं तर पॅरिस गेलं, नाही खाल्लं तर जोझेत गेली. आता तुम्हीच सांगा."

जोझेतने त्याचं ताट ओढलं, सगळं खाल्लं आणि पावाने पुसून घेतलं. "झालं ना रिकामं, आई? आता आम्ही दोघं एकच. कोणी का खाईना."

मादाम आधी घुश्श्यात बघत राहिली, मग तिलाही हसू फुटलं.

रेमी वजनात बसला, पॅरिसला लढला आणि चौथ्या फेरीत आडवा झाला. मंगळवारी दुपारी तो आणि वस्ताद थेट मादामकडे आले. मी बिअर घेऊन गेलो होतो. रेमीचा एक डोळा मिटलेला, पण खाताना तोंड अखंड चालू होतं. वस्तादांनी घासही घेतला नव्हता. वजन असंच राखलं तर वसंतात पुन्हा बोलावणार आहेत, असं ते त्याच्या कानाशी सांगत होते. तो मान डोलावत होता. तशीच मान डोलावत त्याने ताट पुढे केलं.

जोझेत पळी हातात धरून वस्तादांकडे बघत थांबली. हो म्हटलं असतं तर पोर त्यांचं राहिलं नसतं, आणि नाही म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"वाढ, पोरी," वस्ताद म्हणाले. "पोटभर वाढ त्याला."