वाघ दोघींनी पाहिला

केळझरच्या पुढे आमचं शेत आहे, त्याच्या मागून जंगल सुरू होतं. गेल्या दिवाळीनंतर मी आणि माझी थोरली जाऊ तिथे कापूस वेचत होतो. मान वर केली तर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, वाघ, तोंडात शेजाऱ्याचं वासरू. मी जावेचा हात दाबला. तिने एकदा पाहिलं आणि मटकन खाली बसून कापसाच्या ओटीत तोंड खुपसलं. मी उभीच राहिले. वाघ पाच-सात पावलं चालला, थांबला, वासरू तोंडात नीट धरलं आणि तुरीत शिरला. मग घरी येताना वाटेत मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्या आधाराने चालत होती, म्हणून मी बोलत राहिले.

दुपारी वनरक्षक जबाब घ्यायला आला. आमच्याकडे जबाबाला बयान म्हणतात. थोरली म्हणून त्याने आधी जावेला विचारलं, "काय पाह्यलं ते सांगा, काकू." जाऊ चौथी शिकलेली, पण बोलायला बसली की ऐकत राहावं. त्याची दोन पानं भरली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. सहीसाठी पेन पुढे केलं. मी बी.ए. झालेली. तरी सही केली.

त्यानंतर आठवडाभर बाया विचारपूस करायला येत होत्या. जाऊ ओसरीवर सांगायची, मी आत चहा ठेवायची. तिचा आवाज चुलीपर्यंत यायचा. वाघ आधी मला दिसला होता. गावात मात्र तो तिचा झाला होता.

जानेवारीत नागपूरच्या कॉलेजातली एक मुलगी आली. वाघ पाहिलेल्या बायांच्या मुलाखती घेत होती. जाऊ नवं पातळ नेसून बसली. मुलीने रेकॉर्डिंग लावून मोबाइल आमच्या मध्ये ठेवला. जाऊ सांगत सांगत तिथवर आली, "त्यानं माह्याकडे पाह्यलं, मी त्याच्याकडे पाह्यलं."

मला राहवलं नाही. "त्यानं कोणाकडेच नाई पाह्यलं. आन् तुम्ही त खाली तोंड घालून बसल्या होत्या."

जाऊ उठली. "मंग तूच सांग," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मुलीने मोबाइल माझ्याकडे सरकवला. मी सांगितलं. वाघ आला, थांबला, वासरू नीट धरलं, तुरीत गेला. अर्ध्या मिनिटात संपलं.

"तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

"भेव वाटलं."

"आणखी?"

मी आठवायला लागले. धुरा, तूर, वाघाची पाठ, सगळं डोळ्यांसमोर होतं, पण शब्द येईना. मुलगी धीराने थांबली होती आणि तिच्या थांबण्याचीच मला लाज वाटायला लागली.

जाऊ चहा घेऊन आली. "वासराचं शेपूट हालत होतं, ते सांग," म्हणाली. "घरी येताना तूच सांगतलं मले. मी तेच त सांगून राह्यली साऱ्यांले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मुलीने मला विचारलं, "हलत होतं?" मी मान डोलावली. पुढचं जावेनेच सांगितलं, या वेळी वाघाने तिच्याकडे पाहिलं नाही.

मुलगी गेल्यावर मी कपबशा विसळत होते. जाऊ मागे येऊन उभी राहिली.

"आता कोणी आलं त मी गप बसीन."

"नाई, तुम्हीच सांगा. तुम्हाले जमते."

हे मी मनापासून म्हटलं नव्हतं. पण ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. आजही कोणी तिला वाघाचं विचारलं की मी काहीतरी काम काढून आत जाते, आणि दाराआड उभी राहून शेवटपर्यंत ऐकते.