एकशे पंचावन्न, ऐंशी, तेरा

"ही टायरं झिजली की गाडी सोडतो," असं अप्पांनी स्वतःच जाहीर केलं होतं. त्याच्या थोडं आधी बसवकल्याणच्या आमच्या गल्लीत गाडी मागे घेताना त्यांनी पाण्याच्या टाकीला धडक दिली होती. टाकी तिथं आधी नव्हती, असं त्यांचं म्हणणं. टाकी माझ्या जन्माआधीची आहे. गुलबर्ग्याची अक्का आणि मी, आम्ही फोनवर ठरवलं की आता या माणसाच्या हातात स्टिअरिंग नको. त्यांना ते सांगायचं कुणी, हे मात्र ठरेना. म्हणून आम्ही दोघं भावंडं टायरं झिजायची वाट बघत बसलो. घरी गेलो की अप्पांच्या नकळत टायरच्या खाचेत रुपयाचं नाणं घालून मी झीज बघायचो आणि अक्काला कळवायचो.

गाडी रविवारी मंठाळला जायची, तिथल्या विहारात वंदनेला. चालवायला अप्पा आणि सोबत गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या मावशा. बसची पायरी त्यांना चढवत नव्हती आणि सुनांना सवड नव्हती. गाडी सुटली तर चौघांचाही रविवार सुटणार, हे आम्हाला कळत होतं. पण मावशा मागं बसलेल्या असताना अप्पांना असं काही दिसलंच नाही, जे 'आधी तिथं नव्हतं', तर काय, हेही कळत होतं.

शेवटी टायरं झिजली. नाणं खाचेत उभंसुद्धा राहीना. तेव्हा अप्पा म्हणाले, "झिजली म्हणजे बदलायची असतेत." मी बिदरजवळ कोळारला नोकरीला, म्हणून टायरं बिदरला घ्यायची आणि मी सोबत यायचं, असा हुकूम झाला.

अक्कानं डोकं लढवलं. गाडी जुनी, तिचं माप आता प्रत्येक दुकानात ठेवत नाहीत. "मिळंना म्हणून सांगायला लाव दुकानदाराला," ती म्हणाली. मी नीट तयारी केली. टायरच्या अंगावर १५५/८० आर १३ असं लिहिलेलं असतं. एकशे पंचावन्न मिलीमीटर रुंदी, तिच्या ऐंशी टक्के बाजूची उंची आणि तेरा इंची रिंग. नेमकं ते माप नसेल, तर रिंग तीच ठेवायची आणि रुंदी वाढवली तर उंचीचा टक्का कमी करायचा, म्हणजे चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते. असं न करता नुसतं मोठं टायर घातलं, तर ते वळताना आत घासतं आणि स्पीडचा काटा खोटं बोलतो. हिशेब करता करता लक्षात आलं, की १७५/७० आर १३ आमच्या गाडीला बेलाशक बसतं. उंचीत तीन मिलीमीटरचा फरक. म्हणजे दुकानदारानं एक नव्हे, दोन मापं नाहीत म्हणून सांगायला हवं होतं.

आता हे त्याला अप्पांच्या समोर सांगायचं कुठल्या भाषेत? आमच्याकडे ही मोठी अडचण आहे. मराठी घरची, कन्नड बाजारची, दखनी सगळ्यांची. गुपित बोलायला भाषाच शिल्लक राहत नाही. मला तेवढी तेलुगू येते, कारखान्यातल्या सोबत्यांकडून उचललेली. म्हणून मी मुद्दाम जहीराबादकडचा, तेलुगू बोलणारा दुकानदार शोधला.

अप्पा गाडीच्या चाकाशी वाकलेले बघून मी त्याला हळूच तेलुगूत सांगितलं, "ही साइज नाही म्हण, अण्णा. बदली काही बसतं का विचारलं तर तेही नाही म्हण. वय झालंय, गाडी सोडवायची आहे." त्यानं मान हलवली आणि अप्पांना दखनीत म्हणाला, "ये साइज नक्को पूछो चाचा, आताच नै." म्हणजे हे माप येतच नाही.

अप्पा उठले. गुडघे झटकले.

"दानि बदलु एमुंदि?" त्यांनी विचारलं. त्याच्याऐवजी काय आहे, असं, स्वच्छ तेलुगूत.

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं, मग अप्पांकडे, आणि मुकाट १७५/७० आर १३ ची चार टायरं काढली. ती बसवून होईपर्यंत तिघांपैकी कुणी कुठल्याच भाषेत काही बोललं नाही.

अप्पा तेलंगणाच्या सीमेजवळ औरादला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते, हे मला माहीत होतं. तिथं शेतकऱ्यांशी ते कुठल्या भाषेत बोलत, हा विचार मी कधी केला नव्हता.

चाकं बसली. अप्पांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि डाव्या बाजूनं आत बसले. हुमनाबाद आलं. मग म्हणाले, "मला मराठीत सांगायचं की. तेलुगूत कामून सांगायलास?"

मला फार वाईट वाटलं. भीती वाटत होती म्हणून, एवढंच म्हणालो.

"व्हय. मला बी वाटायलीय," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "टाकी दिसली न्हाई मला. पण मावशास्नी काय सांगू? रविवारी तू येत जा. ही टायरं झिजंपर्यंत चालव. मग मंठाळ बंद."

तेव्हापासून रविवारी मी बिदरहून येतो. अप्पा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबतात. मागून मावशा सांगतात की मी फार जोरात चालवतो, अप्पा कसे सावकाश चालवायचे. विहारात सगळे आत गेले की चप्पल काढायच्या आधी मी गाडीला एक फेरी मारतो आणि खाचेत रुपया घालून बघतो. अक्काला आता कळवत नाही. नाणं अजून खोल जातं, आणि मला बरं वाटतं.