सांडोरची माती, किल्ल्याची कमान आणि माझं वेळापत्रक

माती तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेने मला दोन दिवसांसाठी वसईजवळच्या सांडोर गावात पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी केळीच्या बागांचा अभ्यास करण्याआधी नकाशा उघडला. सांडोरहून वसईचा किल्ला वीसेक मिनिटांवर. काम सरकारी वेळेत उरकायचं आणि उरलेल्या वेळात इतिहास बघायचा, असा माझा बेत.

किल्ला बघायला आणखी एक कारण होतं. माझे बाबा सिन्नरजवळच्या आमच्या गावात गवंडी आहेत. तरुणपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या ओवरीला दगडाची कमान बांधली होती. सिमेंटाशिवाय ती पडेल म्हणून पंचांनी ती उतरवायला लावली आणि तिथे सिमेंटची तुळई टाकून घेतली. त्यानंतर बाबांनी पुन्हा कमान बांधली नाही. मी घरातली पहिली पदवीधर. माझ्या शिक्षणाच्या काळात त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. या वेळी मात्र म्हणाले, “तिथल्या कमानी सिमेंट यायच्या आधीच्या आहेत म्हणे. अजून उभ्या आहेत का, तेवढं बघून ये.” नेटवर फोटो आहेत, असं मी सांगून पाहिलं. नेटवर काय, कशाचेही फोटो असतात, असं त्यांचं मत पडलं.

मग मी वेळापत्रक केलं. शनिवारी दुपारी मातीचे नमुने. रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ गावच्या सभागृहात शेतकऱ्यांची बैठक. दहा ते एक किल्ला, त्यात पाहण्याच्या पंधरा जागा. चारला परतीची एसटी. चहालाही दहा मिनिटं दिली होती.

शनिवार कागदाबरहुकूम गेला. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला शेअर रिक्षा मिळतात. मी पापडीपर्यंत एक आणि पुढे दुसरी केली. पापडीनंतर इमारती मागे पडतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडी सुरू होते. माझी सोय इनासकाकांच्या घरी होती. काकांची केळीची बाग आहे आणि पूर्वी ते शाळेत शिक्षक होते, त्यामुळे समोरच्याला मध्येच थांबवून तपासायची त्यांना सवय आहे. मी बागेत पाच ठिकाणी खड्डे घेऊन माती गोळा केली, एकत्र केली, चार भाग करून दोन टाकले. काका पिशवी धरून उभे होते. मावशींना, म्हणजे पत्नीला, त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले, मला त्यातलं अर्धंच कळलं, मग माझ्यासाठी साध्या मराठीत म्हणाले, “इतकी लांबून आलीस आणि अर्धी माती परत टाकतेस?”

जाण्याआधी मी त्यांना फोनवर विचारलं होतं, रविवारी सकाळी आठला सगळे जमतील ना? ते म्हणाले होते, “रविवारी आठला तर अख्खं गाव एकत्र असतं.” मला केवढा आनंद झाला होता. असं जागरूक गाव मी पाहिलं नव्हतं.

रविवारी पावणेआठला मी सभागृहापाशी पोचले. काका-मावशी माझ्याआधीच घरातून निघाले होते, मला वाटलं खुर्च्या मांडायला. सभागृहाला कुलूप. पायरीवर एक कुत्रा, बाकी कुणी नाही. तेवढ्यात चर्चची घंटा वाजली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे रविवार म्हणजे सगळे घरी सापडण्याचा दिवस. कॅथलिक गावात रविवारी सकाळी आठला बैठक ठेवणारी मी बहुधा पहिलीच शास्त्रज्ञ असेन.

नमुन्यांच्या पिशव्या घेऊन मी चर्चच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिले. मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, मी पहिल्यांदाच ऐकत होते. गाणी छान होती, पण माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे. शेवटी सूचना वाचल्या जातात. फादरांनी एक लग्न जाहीर केलं, पाण्याची काहीतरी अडचण सांगितली, आणि म्हणाले, नाशिकहून एक ताई माती तपासायला आल्या आहेत, त्या मागे उभ्या आहेत. सगळं चर्च मागे वळलं.

मी बारा शेतकऱ्यांची तयारी केली होती. अंगणात त्याच्या कितीतरी पट माणसं जमली. एकीने कुंडीतल्या गुलाबाचं विचारलं, एका आजोबांनी पन्नास वर्षांपूर्वीची माती आता राहिली नाही याचा मला जाब विचारला. मी साडेबारापर्यंत बोलत होते, आणि खरं सांगू, इतकं मन लावून माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

निघते म्हटलं तर मावशींनी पिशवीच काढून घेतली. रविवारचं जेवण सोडून या घरातून कुणी जात नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मटण होतं आणि फुगे. हे मैद्याचे, आंबवून तळलेले गोल पाव. मी दोन खाईन म्हणाले होते, सहा खाल्ले. घड्याळ पाहिलं तर पावणेतीन.

मला रडूच यायचं बाकी होतं. बाबांचं काम राहिलं, असं मी काकांना सांगितलं, कमानीची गोष्टही सांगितली. काकांनी स्कूटर काढली.

किल्ल्याला तिकीट नाही, आत सावली आणि गर्द झाडं आहेत. पाणी मात्र सोबत ठेवा. आमच्याकडे अर्धा तास होता. पंधरा जागांचा कागद मी बाहेर काढला, तर काकांनी तो घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला आणि मला सरळ एका पडक्या चर्चमध्ये नेलं. तिथे एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

“कमानीच्या पोटातून दाखव,” बाबा म्हणाले.

पोट, म्हणजे कमानीची खालची बाजू, दिसेना, म्हणून मी फरशीवर उताणी झोपले. रविवारच्या पांढऱ्या शर्टात काकाही शेजारी आडवे झाले आणि दगडांच्या सांध्यांकडे बोट दाखवू लागले. फोटोग्राफरने नम्रपणे विचारलं, आम्हाला किती वेळ लागेल. काकांनी झोपूनच सांगितलं, “हिचे वडील तपासणी करतायत. झाली की सांगतो.”

“वरचं छप्पर कुठंय?” बाबांनी विचारलं.

“पडलंय, बाबा. कधीच.”

“आन कमान?”

“उभी आहे.”

बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला; मला नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं. मग ते म्हणाले, “बरं. ऊठ आता, कपडे मळतील.”

एसटी मिळाली, शेवटची सीट. पंधरापैकी चौदा जागा राहिल्या. वसईहून येताना सुकेळी मात्र जरूर आणा. केळ्याच्या वाळल्या पानात बांधलेली ही वाळवलेली केळी प्रवासात टिकतात, घरात टिकत नाहीत.

पुढच्या आठवड्यात गावी गेले. मी पाठवलेला कमानीचा फोटो बाबांनी मोठा छापून घेतला होता. त्या वेळच्या पंचांपैकी एकच आता हयात आहेत. बाबा त्यांच्याकडे सुकेळी घेऊन गेले आणि फोटोही. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. परत आले ते चप्पल काढता काढताच म्हणाले, “वसईचं तिकीट बघ. मला हात लावून बघायचंय.”

बाबा कामाशिवाय कधी तालुक्याबाहेर गेलेले नाहीत. मी घाईने मोबाइल काढला आणि रविवार सुचवला, मला सुटी असते म्हणून.

“शनिवार बघ,” बाबा म्हणाले. “रविवारी सकाळी ती माणसं चर्चात असतात. शिकलेल्या माणसाला एवढं ठाऊक पाहिजे.”