ताडपत्रीखालचं सोलर

लग्न होऊन मी गाव सोडलं ते लाँचमधून. कोयनेच्या पाण्यापलीकडं आमचं गाव. नवरीसुद्धा लाँचमध्ये बसल्याशिवाय रस्त्याला लागत नाही. लाँच सुटताना आबा काठावरून ओरडले, "बाई, सांगलीत लाईट जात न्हाई म्हणत्यात. सुखात ऱ्हा!" लेक सासरी चाललेली आणि बापाला सुचलं काय, तर लाईट! पण त्यांचंही खरं होतं. आमच्या पाण्यावर दिवे लागायचे भलतीकडंच, आणि आम्ही काठावर बसून कंदिलाच्या काचा पुसायचो.

सांगलीत मिक्सर, वॉशिंग मशीन, पोरांचे चार्जर, सगळं बटणावर. दहा मिनिटं लाईट गेली तरी आता मीच वायरमनच्या नावानं शंख करते.

तिकडं आईला दम्यानं धरलं. डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं, सकाळ-संध्याकाळ घ्यायचं. आणि आमच्याकडं तर पावसात तारेवर झाड पडलं की आठ-आठ दिवस वीज नाही. म्हणून मी आणि ह्यांनी गावी सोलर बसवलं. पत्र्यावर पॅनेल, पडवीत इन्व्हर्टर आणि बॅटरी. मशीन, दोन बल्ब, मोबाईल, एवढं आरामात चालायचं. उन्हाळाभर आई खूश. "लाईट गेली तरी माझी वाफ चालू हाय बघ," म्हणायची.

मग मृग लागला आणि आई-आबा दोघांचेही फोन बंद झाले. चार दिवस लागेनात. माझा जीव टांगणीला. शेवटी गावाकडच्या शेजारचे एक काका बाजाराला गेले, त्यांनी तिथून फोन केला : गावात लाईट न्हाई, आईला लय धाप लागलीय आणि मशीन बंद पडलंय. मी तशीच निघाले.

जाऊन बघते तर काय, पॅनेलवर ताडपत्री! चारी कोपरे सुंभानं आवळून बांधलेले. आमच्याकडं पावसाआधी सगळं घरच बांधून घेतात. भिंतींना गवताचे आडोसे, लाकडांवर प्लॅस्टिकचा कागद, गोठ्याला ताडपत्री. त्याच ओघात आबांनी पॅनेलही बांधून टाकलं होतं.

"आवं आबा, त्याला ऊन लागतं!"

"मला कळत न्हाई व्हय? पर ह्या पावसात ऊन हाय कुठं? निदान भिजायचं तरी वाचंल."

कपाळ माझं! ढगातूनही थोडीफार वीज मिळते, हे किती वेळा सांगितलं होतं! शिडी लावून चढले, भिजत गाठी सोडल्या आणि वरूनच आबांना नाही नाही ते बोलले. ते खाली शिडी धरून उभे होते. आणि एवढं करून उपयोग काय? धुक्यात समोरचा गोठा दिसेना. दोन दिवसांनी बॅटरी बल्ब आणि मोबाईलपुरती भरली. मशीन लावलं की इन्व्हर्टर बोंबलायचा. वर आई धापा टाकत आबांचीच बाजू घेणार, "त्यास्नी नगं बोलू." मला दोघांचाही राग आला. आभाळाचा तर फारच.

आईला सांगलीला आणलं. म्हशीला कोण बघणार म्हणून आबा मागं राहिले. इथं बटण दाबलं की मशीन सुरू, डॉक्टर कोपऱ्यावर, धाप निम्म्यानं कमी. पण तिचं एकच पालुपद, "लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं गं? जावयाला काय वाटंल?" जावयानं स्वतः हात जोडून सांगितलं, तरी पालथ्या घड्यावर पाणी. लेकाचं घर असतं तर राहिली असती, हे ती बोलत नाही. मला कळतं, आणि लागतंही. माझ्यासारखे गाव सोडून आलेले असाल तर सांगा, तुमची आई राहते का हो तुमच्याकडं?

रोज सकाळी ती आबांना फोन लावते. जेवला का, म्हस कशी हाय, हे नंतर. पहिला प्रश्न, "आवं, ऊन पडलं का?" न्हाई म्हणाले की निमूट चहा घेते. परवा आबा म्हणाले, "पडलंय की, चांगलं पडलंय!" फोन ठेवून ती लुगडी पिशवीत भरायला बसली. बॅटरी भरायला अजून आठ दिवस ऊन लागतं, असं धडधडीत खोटं सांगून मी ती लुगडी पिशवीतून बाहेर काढली.

आता गणपती आलेत, पाऊस ओसरतोय. पॅनेल बसवलं तेव्हा माझ्या माहेरावर ऊन पडावं म्हणून मी देवाला नारळ फोडला होता. आणि हल्ली आई फोन लावते तेव्हा मी गॅसपाशी उभी राहून त्याच देवाला म्हणते, आज तरी तिकडं आभाळ असू दे.