नाव माझं सांगा

सुधन्वा पारसनीसांनी स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही केली, त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले जात होते. दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गाजवळचं एका सरकारी उपक्रमाचं ऑफिस होतं ते. उपक्रम विकायला निघालाय हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. "आत्ता मिळतंय ते घ्या, पुढे तेही मिळणार नाही," असं युनियनवालेच सांगत फिरत होते. पारसनीस हिशेब विभागात होते. त्यांनी घरी बसून चार वेळा आकडेमोड केली, प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं, आणि त्यांनी सही केली. त्या सहीत स्वेच्छा म्हणावी अशी काही उरली नव्हती.

मिळालेली रक्कम द्वारकेच्या फ्लॅटमध्ये गेली. सोसायटीची इमारत नवीकोरी होती, पण पाणी टँकरनं यायचं. खिडकीबाहेर रिकाम्या प्लॉटांवरची धूळ आणि डोक्यावरून सारखी उतरणारी विमानं. सरकारी क्वार्टर सोडावं लागलं होतं, त्यामुळे मागे जायची वाट नव्हती. फ्लॅट विकावा म्हटलं तर त्याचे कागद अजून पूर्ण झाले नव्हते. मुलगी सुनयना गाझियाबादच्या खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती आणि तिची फी दर सहा महिन्यांनी दारात उभी राहायची. पन्नाशीला टेकलेल्या हिशेबनिसाला तेव्हाच्या दिल्लीत एकच धंदा हात पसरून बोलवत होता. खासगी विमा कंपन्या नव्यानं सुरू झाल्या होत्या आणि त्यांना माणसं हवी होती. पारसनीस जनकपुरीतल्या अशाच एका कंपनीत 'फायनान्शियल अॅडव्हायझर' झाले.

प्रशिक्षण एका हॉटेलच्या हॉलमध्ये झालं. गिऱ्हाईक 'नाही' म्हणालं की पुढे काय बोलायचं, हे त्यांना शिकवलं गेलं. 'उद्या तुम्ही नसलात तर घरच्यांचं काय?' असं विचारायचं आणि गप्प राहायचं. भीतीला काम करू द्यायचं. त्यांचा मॅनेजर राजवीर तिशीतला, रोहतककडचा, स्वभावानं वाईट नव्हता. त्याच्या डोक्यावरही वरून दर सोमवारी कोणीतरी ओरडत असे.

पहिल्या काही पॉलिसी मेहुण्याला, जुन्या सहकाऱ्याला, वरच्या मजल्यावरच्या नायरना विकल्या गेल्या. मग ओळखीचे लोक संपले. पारसनीस लिफ्टमध्ये शिरले की आधीच उभा असलेला माणूस मोबाइल कानाला लावू लागला. त्याहून त्यांना टोचत होतं ते वेगळंच. आयुष्यभर हिशेब केलेला माणूस. पॉलिसीचे बारीक अक्षरातले कागद त्यांनी वाचले होते. पहिल्या वर्षी भरलेल्या पैशातला किती मोठा भाग खर्चाच्या नावाखाली कापला जातो हे त्यांना दिसत होतं. ते सांगितलं तर पॉलिसी विकली जात नव्हती, आणि विचारल्याशिवाय कोणी सांगू नये असंच शिकवलं होतं. कोणीही विचारत नव्हतं.

"अहो, सोडून द्या ना मग," अलकनंदा, त्यांची बायको, म्हणायची.

"आणि सुनयनाची फी?"

अलकनंदानं शिवणाचे क्लास सुरू केले होते, पण नव्या सोसायटीत शिवायला शिकणाऱ्या बायका थोड्याच होत्या.

जानेवारीत दिल्लीतल्या मराठी मंडळींची बस पानिपतला, मराठ्यांच्या काला अंब स्मारकाला निघाली. पारसनीस दरवर्षी जायचे. या वर्षी राजवीरनं ते ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. "पारसनीसजी, पूरी बस भर के अपने लोग. और फौजी फॅमिली भी. और क्या चाहिए?" पारसनीस खिशात व्हिजिटिंग कार्डांची चळत घेऊन बसमध्ये चढले. धुक्यात त्या स्मारकापुढे माणसं हात जोडून उभी होती आणि यांना वाटत होतं, आपल्या खिशातला तो गठ्ठा सगळ्यांना दिसतोय. दिवसभरात त्यांनी एकही कार्ड काढलं नाही.

परतीच्या वाटेवर शेजारी फेटा बांधलेले एक म्हातारे येऊन बसले. मारुतराव, खटाव तालुक्यातले. त्यांचा मोठा मुलगा विश्वास फौजेत हवालदार होता आणि दिवाळीच्या सुमारास ड्युटीवर असताना गाडी दरीत कोसळून गेला. सून विनया आणि लहान नात सुकन्या दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये होत्या. क्वार्टर अजून काही काळ ठेवता येणार होतं.

"तुम्ही पैशाचं बघता म्हणं," मारुतराव म्हणाले. "सरकारनं सुनंला पैसं दिल्यात. काय करावं आम्हांस्नी काय कळंना. या एकदा घरी."

पारसनीसांनी हो म्हटलं आणि सोमवारी राजवीरलाही सांगितलं, कारण सांगावंच लागत होतं. एवढी मोठी केस आहे म्हटल्यावर राजवीर स्वतः गाडी काढून निघाला.

क्वार्टरच्या पुढच्या खोलीत मारुतराव होते आणि त्यांचा धाकटा मुलगा महेश. महेश गुडगावात एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याच्याजवळ ग्रेटर नोएडाच्या पुढच्या एका वसाहतीचा रंगीत नकाशा होता. प्लॉट घ्यायचा, चार वर्षांत किंमत कुठल्या कुठे जाईल, असं त्याचं म्हणणं. राजवीरनं त्याला बोलू दिलं आणि मग आपलं सुरू केलं: पैसा बाजारात वाढेल, वर विमा, पोरीच्या लग्नापर्यंत चिंता नाही. दोघांची जुंपली, पण भांडण गोडीनं चाललं होतं. विनया स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. पंचविशीच्या आसपासची, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली. तिला कोणी काही विचारत नव्हतं. शेवटी मारुतराव म्हणाले, "सूनबाई, तुला काय वाटतं?"

"तुम्ही म्हणाल तसं, मामंजी."

राजवीरनं फॉर्म पुढे सरकवला. विनया खाली बसली, पेन हातात घेतलं आणि पारसनीसांकडे पाहून विचारलं, "कुठं सही करू?"

तिच्या आवाजात ना विरोध होता, ना विश्वास. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर आपण नेमकं याच आवाजात 'कुठे?' असं विचारलं होतं, हे पारसनीसांना आठवलं. त्यांनी फॉर्म उचलला.

"आज नको. फोटो लागतील, आणखी एकदोन कागद लागतील," ते म्हणाले. "आम्ही परत येऊ."

धौला कुआँच्या सिग्नलला गाडीत राजवीर म्हणाला, "ये फोटोवाली बात झूठ थी ना?" पारसनीसांनी फॉर्म बॅगेत ठेवला.

घरी त्यांनी अलकनंदाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत ऐकत होती.

"तिला काय हवंय?"

"कोणाला?"

"विनयाला. विचारलंत?"

"सासऱ्यांनी विचारलं ना. 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाली."

"दीर, सासरे आणि दोन परके पुरुष बसलेत, तिथे ती दुसरं काय म्हणेल? मी बोलावते तिला जेवायला."

कॅन्टोन्मेंटला फोन गेला. मराठी बाईनं जेवायला बोलावलंय म्हटल्यावर मारुतरावांनी हरकत घेतली नाही. रविवारी विनया मुलीला घेऊन द्वारकेला आली. जेवणं झाली, सुकन्या सोफ्यावर झोपली. पारसनीसांनी कंपनीची बॅग मुद्दाम आतल्या खोलीत ठेवली होती. नुसतं ऐकायचं कसं, हे कोणत्याही हॉटेलच्या हॉलमध्ये त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. अलकनंदानं डोळ्यांनी खूण केली: थांबा. ते थांबले. विनया टेबलावरचे शेंगदाणे एका ओळीत लावत राहिली. दोनदा पारसनीसांच्या तोंडात व्याजदर आले, दोनदा त्यांनी ते गिळले.

"काका," ती अखेर म्हणाली, "तुमचा तो दुसरा साहेब म्हणतो पैसा वाढेल. महेशभाऊजी म्हणतात प्लॉट वाढेल. माझा भाऊ म्हणतो गावाकडं म्हशी घेऊ. सगळे माझ्या भल्याचंच बोलतात. पण मला ते वाढवायचं नाही. मला ते कुणाला देता येऊ नये असं पाहिजे."

"म्हणजे?"

"माझ्याच्यानं नाही म्हणवत नाही. लग्न झाल्यापासून कुणाला 'नाही' म्हटलंच नाही. कुणी मागितलं की मी देऊन टाकीन, मला माहितेय. आणि मग सुकन्याला घेऊन गावी जावं लागेल. मला गावी जायचं नाही. इथं बालवाडीच्या बाईंचा कोर्स असतो, तो करायचाय."

एवढं सलग ती बहुधा कित्येक महिन्यांत बोलली नसेल. अलकनंदानं तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

पारसनीसांनी मग कागद घेतला. थोडी रक्कम पोस्टाच्या योजनेत, म्हणजे दर महिन्याला व्याज हातात येईल. बाकीची बँकेत वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवींत. बाजारात काही नाही, त्यांच्या कंपनीत तर काहीच नाही. "हे पैसे फारसे वाढणार नाहीत," त्यांनी सांगितलं. "आणि खरं सांगतो, ठेव मोडता येते. थोडा दंड बसतो, एवढंच. पण हे तुमच्यापाशी राहू द्या. कोणी मागितलं तर म्हणा, पारसनीसांनी सगळं अडकवून ठेवलंय, त्यांना विचारा. नाव माझं सांगा."

"लोक तुम्हाला बोलतील, काका."

"बोलू देत."

हे म्हणणं सोपं होतं. विनयानं पैसे तसे ठेवले, आणि महेश आठवड्याभरातच द्वारकेला आला. "वहिनींचे पैसे तुम्ही अडकवलेत म्हणे," तो दारातूनच म्हणाला. पारसनीस म्हणाले, "हो, माझ्याच सल्ल्यानं ठेवलेत. मुदत संपेपर्यंत हलवू नयेत, असं माझं मत आहे."

"कमिशन किती मिळालं?"

"काही नाही."

महेश हसला. कमिशन न घेता कोणी असलं काम करतो, यावर विश्वास ठेवायला तो काही खुळा नव्हता. पुढच्या महिन्यात मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पारसनीसांच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. फौजीच्या विधवेचे पैसे यांनी खाल्ले, असं कोणीतरी बोललं होतं आणि ते पसरलं होतं. पारसनीसांना एका वाक्यात सगळं स्वच्छ करता आलं असतं. 'तिनंच तसं मागितलं' एवढंच ते वाक्य होतं. पण ते म्हटलं की विनयाची भिंत पडत होती. ते पापड खात गप्प बसले, आणि अलकनंदा कार्यक्रम अर्धवट सोडून त्यांच्याबरोबर बाहेर पडली.

ऑफिसात वेगळी तऱ्हा. हातची केस गेली म्हणून राजवीरनं त्यांना सगळ्यांसमोर झापलं. त्या तिमाहीत त्यांचं नाव विक्रीच्या तक्त्यावर सर्वांत खाली होतं. नोकरी सोडावी असं रोज वाटायचं. बसमध्ये बसलं की ते मनात राजीनामा लिहायचे आणि जनकपुरी आलं की उतरायचे.

मध्ये तीन वर्षं गेली. द्वारकेला मेट्रो आली, टँकर कमी झाले, रिकाम्या प्लॉटांवर टॉवर उभे राहिले. महेशच्या त्या नकाशातली वसाहतही खरोखरच उभी राहिली, आणि तिथल्या जमिनीची किंमत तो म्हणाला होता त्याहूनही वाढली. ही बातमी पारसनीसांना अनेकांनी आवर्जून सांगितली. हिशेबाच्या माणसाला ती झोंबली. आपण त्या मुलीचं नुकसान केलं का, या प्रश्नानं त्यांची झोप मोडायची.

एक दिवस त्यांनी तिलाच विचारलं. विनया तोवर पालममध्ये एका खोलीत राहत होती आणि एका शाळेच्या शिशुवर्गात शिकवत होती.

"प्लॉट घेतला असता तर आज तो भाऊजींचा असता, काका," ती म्हणाली. "मी गावी असते." मग जरा थांबून म्हणाली, "मोठी ठेव सुटली या महिन्यात. भाऊजी आले होते मागायला, दुकान टाकायचंय म्हणून. तुमचं नाव नाही सांगितलं. मीच नाही म्हटलं."

"मग?"

"रागावले. चहा न घेता गेले. मामंजींचा फोन आला नाही अजून." तिनं वह्या तपासायला ओढल्या. "येईल."

पारसनीस बसनं परत आले ते हलके होऊन. तो हलकेपणा काही दिवस टिकला.

सुनयनाचं शेवटचं वर्ष होतं, त्यामुळे ते कंपनीतच होते. विक्री त्यांच्याच्यानं होत नाही, पण चिडून आलेली गिऱ्हाइकं त्यांच्यासमोर बसली की शांत होतात, हे एव्हाना राजवीरच्या लक्षात आलं होतं. त्यानं त्यांना नव्या सल्लागारांना शिकवायला उभं केलं. तोच हॉटेलचा हॉल नव्हता, पण पुस्तिका तीच होती. पारसनीसांनी ती दुपारपर्यंत वाचून दाखवली. जेवणानंतर त्यांनी पुस्तिका मिटली.

"एक गोष्ट यात नाही," ते हिंदीत म्हणाले. "घरात चारजण बोलत असतील आणि एक जण गप्प असेल, तर त्या गप्प माणसाला वेगळं भेटा. काही विकू नका. विचारा आणि थांबा. तो काय सांगेल ते तुमच्या पुस्तिकेत नसेल. कधी कधी त्याला तुमच्याकडून काहीच नको असेल. तसं असलं तर उठून या."

काहींनी लिहून घेतलं. काही घड्याळाकडे पाहत होते. मागच्या भिंतीला टेकून राजवीर ऐकत होता. सत्र संपल्यावर तो पुढे आला आणि त्यानं मनापासून पारसनीसांचा हात हातात घेतला.

"कमाल है पारसनीसजी. चुप रहनेवाले को अलग से पकडो. यह तो किसी ने सोचा ही नहीं. हेड ऑफिस भेजता हूँ, पूरे एनसीआर में लागू करेंगे. देखना, आकडे कहाँ जाते हैं."

पारसनीस काही बोलणार होते. राजवीरच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, आणि पुढच्या तुकडीची मुलं दारात उभी होती. त्यांनी खुर्चीवरची पुस्तिका उचलली आणि पहिलं पान उघडलं.