मनगट आणि टेबलाची उंची

वसईच्या एका छोट्या ऑफिसात मी तेव्हा मतदार याद्या कॉम्प्युटरवर चढवत होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कागदावरची नावं, वय, पत्ता वाचायचा आणि टाइप करायचा. आम्ही पाच जणी होतो. टेबलं नेहमीची, लिहायची. कीबोर्ड त्यांच्यावर, खुर्च्या प्लॅस्टिकच्या. मी सगळ्यांत जलद होते आणि त्याचा मला जरा गर्वही होता.

आधी अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. मी बाम चोळून गप्प राहिले. मग एका सकाळी तुळिंजच्या घरी मुलीची वेणी घालताना बोटांतून पेड सुटले. पुन्हा धरले, पुन्हा सुटले.

"आई, घट्ट घाल ना," ती म्हणाली.

मला तो पेड पकडताच येत नव्हता. वेणी शेवटी तिच्या बाबांनी घातली, तीही वाकडी. ती रडत शाळेत गेली आणि मी त्याच दिवशी डॉक्टरकडे.

डॉक्टरबाईंनी मनगट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "कामाला बसता कशा, दाखवा बरं."

मी त्यांच्याच टेबलापाशी बसून दाखवलं. खांदे कानांना टेकायला आले होते, मनगटं वर वाकलेली. ते मला त्या क्षणापर्यंत कधी जाणवलंच नव्हतं.

"कोपर आणि कीबोर्ड एका पातळीत हवेत. मनगट सरळ. माउस हाताशी. आणि दर अर्ध्या तासाने उठायचंच, काम कितीही असो. आता तीन आठवडे टायपिंग बंद."

साहेबांना सांगायला गेले तर ते हसले. "बोटं हलवायला कसला त्रास? आमच्या आईने जन्मभर पाट्यावर वाटण वाटलं."

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातून येणारी माझी मैत्रीण उभी राहिली होती. एरवी ती साहेबांसमोर तोंड उघडत नसे. घाबरली की ती घरच्या बोलीत बोलायची, तशीच बोलली.

"माजा पन हात दुखते, साहेब. तीन म्हयने झाले. बोलले नाय कोनाला."

मग तिसरीने मान हलवली. रोज शेजारी बसून आम्ही डबे वाटून खात होतो, पण हे एकमेकींना सांगितलं नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, आपणच कमी पडतो आहोत.

साहेब चिडले. याद्या वेळेत द्यायच्या होत्या, म्हणून माझ्या वाटचा गठ्ठा घेऊन ते स्वतःच माझ्या खुर्चीत बसले. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी आले ते मान एका बाजूला धरून. कोणी हाक मारली की अख्खं अंग वळवायचे. आम्हाला हसू दाबणं कठीण गेलं. दुपारी त्यांनी कोणाकडे न बघता सांगितलं, "नंदाखाल गावच्या त्या सुताराला बोलवा."

सुताराने पहिल्या टेबलाचे पाय कापले. कीबोर्ड बरोबर उंचीवर आला, पण गुडघे ड्रॉवरला आपटू लागले. मग उरलेल्या टेबलांचे ड्रॉवर काढून त्याने खाली कीबोर्डसाठी सरकत्या फळ्या बसवल्या. ज्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते त्यांच्यासाठी लाकडी पाट केले. कापलेलं टेबल साहेबांनी फायली ठेवायला घेतलं. उठायची वेळ मैत्रीण सांगायची. "चला बायांनो," म्हणाली की सगळ्या गॅलरीत जाऊन हात झटकायच्या. सुरुवातीला साहेब घड्याळ बघायचे, पुढे त्यांनी ते सोडलं.

मैत्रिणीचा हात महिन्याभरात बरा झाला. माझा पूर्ण झाला नाही, मी उशीर केला होता. पहिला वेग परत आला नाही, म्हणून मी याद्या तपासायच्या कामावर गेले. वर्षभर त्याचं वाईट वाटत राहिलं. नंतर जी कोणी नवी मुलगी कामाला लागे, तिला पहिल्या दिवशी खुर्चीत बसवून मी आधी तिचे खांदे बघत असे.