ट्रेडमार्कवाल्या कमलअक्का

तमाम खान्देशवासीयांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जळगावातल्या एका वकिलांच्या ऑफिसात तोंडात शेंगदाणे भरल्याशिवाय ट्रेडमार्कचा एकही अर्ज दाखल होत नसे. ही अफवा नाही. मी त्या ऑफिसात टायपिंग करत होतो आणि ते शेंगदाणे मीही खाल्ले आहेत.

हा नियम कमलअक्कांचा. अक्का मूळच्या साक्रीच्या, आमच्या ऑफिसातल्या सर्वांत जुन्या कारकून. कपाळावर ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज आणि चौकशीची अशी हौस, की अशील पाण्याचा ग्लास खाली ठेवेपर्यंत त्याचा मेहुणा काय धंदा करतो हेही त्यांना कळलेलं असे. नवं नाव नोंदणीला आलं की आम्ही सगळ्यांनी शेंगदाणे चावत ते मोठ्यानं म्हणायचं. "गिऱ्हाईक नाव वाचत नाही रे, ओरडतं," अक्का म्हणायच्या, "आणि तेही खाता खाता." चावलेल्या उच्चारात ते आधी नोंदलेल्या एखाद्या नावासारखं ऐकू आलं, की त्या संगणकापुढे बसून पुन्हा शोध घेत. दिसायला वेगळी आणि ऐकायला जुळी अशी कितीतरी नावं त्यांनी अशी पकडली.

एका फरसाणवाल्यानं अर्ज करायच्या आधीच पुड्यांवर गोलातला आर छापून आणला होता. अक्कांनी पुडा वर धरून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो पळून जाऊन लग्न करून आला होता. "टीएम म्हणजे साखरपुडा, गोलातला आर म्हणजे लग्न. नोंदणी झाली नाही तोवर मंगळसूत्र घालून मिरवता? गुन्हा आहे तो, भाऊ." दुसऱ्या एकाला 'कुरकुरीत' हेच नाव हवं होतं. त्याला म्हणाल्या, "तो शब्द गावविहीर आहे. पाणी सगळ्यांनी भरायचं, कुलूप कुणी लावायचं नाही." पण तोच माणूस "मग कुठलं नाव मिळेल?" असं विचारू लागला, तेव्हा अक्कांनी वकीलसाहेबांच्या केबिनकडे बोट दाखवलं. सल्ला देणं वकिलाचं काम. "आपण फक्त विचारायचं," हे त्या आम्हा नवख्यांना बजावून सांगत, आणि स्वतः मनसोक्त विचारत.

त्यांच्या विचारण्याची खरी परीक्षा फैजपूरच्या पुष्पाताईंच्या वेळी झाली. पुष्पाताई 'गोजाबाई' नावानं केळीचे वेफर्स विकायच्या. गोजाबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. वेफर्स तळायला त्यांनीच शिकवलं होतं. आता धुळ्याचे सुरेशभाऊ याच नावानं वेफर्स काढत होते. त्यांनी नोटीस धाडली होती की नाव माझ्या डोक्यातून निघालंय, ताबडतोब वापर थांबवा. पुष्पाताईंना अक्कांनी मायेनं विचारलं, की दुसरं नाव घ्यायला काय हरकत आहे? त्या म्हणाल्या, "सासूशी जन्मभर भांडले मी. आता तिच्यासाठी भांडते."

नाव आधी वापरणाऱ्याचा हक्क मोठा, हे खरं; पण आधीचा वापर दाखवायचा कशानं? एकेक जुनं वेष्टन जपून ठेवा, असं अक्का येईल त्याला सांगायच्या. पुष्पाताईंच्या घरची रीत नेमकी उलटी. दिवाळीआधी साफसफाईत जुनी वेष्टनं सगळी जाळायची. लक्ष्मी यायच्या वेळी घरात जुनं नको. माल आठवडी बाजारांत विकलेला, त्यामुळे पावत्या कुणी मागितल्या नाहीत आणि यांनी केल्या नाहीत.

साहेबांनी कपाळाला हात लावला. अक्कांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. बाजाराला कशानं जायचात? टेम्पोनं. टेम्पोवर नाव होतं? मोठं रंगवलं होतं, नंतर टेम्पो विकला. वेळेवर पोचायचात? यावर पुष्पाताईंना जुना राग आठवला. कसलं वेळेवर? लग्नसराईत दर गावाला वरात आडवी, पोरं नाचताहेत आणि टेम्पो मागे उभा.

अक्का हळूच म्हणाल्या, "म्हणजे प्रत्येक लग्नाच्या व्हिडिओत तुमचा टेम्पो आहे."

मग अक्का आणि मी यावल तालुक्यातल्या गावागावांत लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ बघत हिंडलो. आपल्याकडे घरात एक वेळ सातबारा सापडणार नाही, पण वरातीचा व्हिडिओ सापडतो, आणि पाहुण्यांना तो पूर्ण दाखवल्याशिवाय उठू देत नाहीत. अक्कांनी प्रत्येक नवरीची साडी, प्रत्येक रुसलेली आत्या आणि प्रत्येक व्याह्याचा फेटा यांची चौकशी केली. मी चहा पिऊन पिऊन पिवळा पडलो. शेवटी एका घरी पडद्यावर टेम्पो आला. पुढे नाचणाऱ्यांचा गोंधळ, मागे लाल अक्षरांत 'गोजाबाई वेफर्स', कोपऱ्यात तारीख. सुरेशभाऊंनी आपल्या अर्जात पहिल्या वापराची जी तारीख दिली होती, तिच्या कितीतरी आधीची.

साहेबांनी दोन्ही बाजूंना समझोत्यासाठी ऑफिसात बोलावलं. सुरेशभाऊंना आम्ही तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. कडक इस्त्रीचा सदरा, सोबत त्यांचे वकील आणि म्हातारे वडील. वडिलांना सगळे आबा म्हणत. बसल्या बसल्या सुरेशभाऊंनी ठणकावलं, की स्वतः ठेवण्याआधी हे नाव मी कधी ऐकलं नाही, कुठे पाहिलं नाही. पुष्पाताईंनी पदर बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. अक्कांनी व्हिडिओ लावला.

बँड वाजला, टेम्पो आला. अक्कांनी नाव नीट वाचता यावं म्हणून चित्र थांबवलं. टेम्पोच्या ऐन तोंडाशी एक तरणा गडी दातांत रुमाल धरून नागीण नाचत होता आणि दोन्ही हातांचा फणा करून थेट 'गोजाबाई'च्या लाल अक्षरांपुढे डोलत होता. अक्का त्या अक्षरांकडे बघत होत्या, साहेब तारखेकडे. नाचणाऱ्याकडे बघत होते ते फक्त आबा. ते चष्मा सावरत पडद्याजवळ गेले, आणि लेकाच्या वकिलानं दंड धरायच्या आत कौतुकानं अहिराणीत बोलून गेले,

"आरे, हाऊ ते आपला सुऱ्या शे!"